उभा उतार

दादा,

तुझ्याशी भांडायचं आहे. काल तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि आत आपला धाकटा विजू पुण्याला फोन लावून त्याच्या बायकोला सांगतोय की कुमुताईला रविवारी घेऊन येतो, मागची खोली रिकामी करून ठेव. कुमुताई म्हणजे मी. मला अजून कुणी विचारलेलं नाही. मी व्हरांड्यात माझ्या चाकाच्या खुर्चीत बसलेय आणि समोर तुझी वेताची खुर्ची रिकामी आहे. एरवी मी भांडण काढलं की तू पेपर तोंडासमोर धरायचास आणि 'हं, हं' करत राहायचास. आज पेपर नाही, तेव्हा ऐक.

पहिलं भांडण तू गेलास त्या दिवसाचं. तुला बाहेर काढलं आणि व्हरांड्यावरून अंगणात जाणाऱ्या त्या सिमेंटच्या उतारावरून खाली नेलं. चौघंही जपून, तिरपे पाय टाकत उतरले, कारण तुझा उतार इतका उभा की धडधाकट माणसाचाही पाय घसरावा. मागोमाग बायका फाटकापर्यंत गेल्या. मी वरच राहिले. मला खाली न्यायचं कुणाला सुचलंच नाही. विजू रडत होता. शेजारच्या नसीमआपांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, पण त्यांच्या गुडघ्यांना ती खुर्ची पेलली नसती. ज्याला सुचलं असतं तोच पुढं चालला होता. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत मला तू दिसलास. मग वळलात.

या उतारावरून आपण किती वाद घातले रे. आई होती तेव्हा तू तो करून घेतलास. कुठल्याशा कामावरून गवंडी पकडून आणलास आणि दुपारभरात उरकून टाकलंस. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा फार उभा झाला, माझ्या हातांच्या जोरावर मला चढता येणार नाही आणि उतरताना कुणी मागून धरलं नाही तर मी थेट फाटकावर जाऊन आदळेन. लांब करायला हवा, भिंतीच्या कडेनं, मधे एक वळण देऊन. तू म्हणालास, "आणि गाडी कुठं लावू?" तुझी ती स्कूटर! स्कूटर जुनी झाली, बंद पडली, तरी जागा अडवून उभीच राहिली. दरवर्षी दिवाळीच्या रंगकामाला मी उताराचा विषय काढायची आणि तू ठरलेलं उत्तर द्यायचास.

"कशाला उगीच तकरार करतेस कुमे? मी आहे ना."

तकरार हा बाबांचा शब्द. ते निजामाच्या कचेरीत उर्दूत नोकरीला लागले आणि पोलीस ॲक्शननंतर मराठीत टिपणं लिहायला शिकले, पण भांडायची वेळ आली की त्यांना उर्दूच सुचायची. तो शब्द तू उचललास. तुझ्या तोंडी तो इतका गोड वाटायचा की मी पुढचं बोलायचं विसरून जायची.

तसं तुझं सगळंच गोड होतं, त्याला मी नाही म्हणत नाही. पोलिओनं माझे पाय गेले तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. मला आठवतं तेव्हापासून मी तुझ्या पाठीवर आहे. शाळेत तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर, एका पंच्यानं तुझ्या कमरेला बांधलेली. पाणचक्की मी तुझ्या खांद्यावरून पाहिली आणि तिथल्या माशांना मुरमुरे टाकताना तुला हौदात पाडणार होते. पहिली चाकाची खुर्ची घरात आली आणि ती उंबऱ्यावर अडली, तेव्हा तू सुताराची वाटही पाहिली नाहीस, करवत घेऊन स्वतःच उंबरा कापायला बसलास. आत्या किंचाळली होती, "अरे, लक्ष्मी यायची जागा ती!" तू मान वर न करता म्हणालास, "लक्ष्मी पाय उचलून येईल आत्या. कुमीला येता येत नाही." त्या दिवशी मला वाटलं की जगात माझ्याएवढी भाग्यवान बहीण नाही. उंबऱ्याचा तो तुकडा तू टाकला नाहीस. खुर्ची थांबवायची असली की चाकामागं तो अडकवायचास.

हे सगळं मला आठवतं, म्हणूनच मला इतका राग आलाय.

गेले बारा-तेरा दिवस लोक दारावर येतायत. सतरंजीवर बसतात, तुझ्या फोटोकडं पाहतात आणि मग माझ्या खुर्चीकडं पाहून मान हलवतात. सगळ्यांचं एकच वाक्य. फार केलं हो भावानं तुमच्यासाठी. पहिल्या दिवशी मी ऐकून रडले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझ्या कचेरीतले देशमुख आले.

"दरसाल हुरड्याला बोलवायचो ताई," ते म्हणाले. "हर्सूलच्या पुढं शेत हाय ना आपलं. पर एकदा आला नाय गडी. म्हणायचा, कुमुदला एकटं टाकून कसं येऊ? लई जीव व्हता बघा तुमच्यावर."

हुरड्याच्या दिवसांतल्या रविवारी तू घरात काय करायचास ते मला ठाऊक आहे. पायजम्यावर, ट्रान्झिस्टर पोटावर ठेवून क्रिकेट ऐकत पडायचास. मी विचारायची, देशमुखांकडं हुरडा नाही का रे? तर म्हणायचास, "त्यानं यंदा बोलावलंच नाही." दरवर्षी! आणि मी त्या देशमुखांवर डूख धरला. ते आपल्याकडं आले की मी त्यांना मुद्दाम पाणचट चहा दिला, भजी कधी तळली नाहीत. बिचारे ते पाणी गोड मानून प्यायले. आणि दादा, मला हुरडा किती आवडतो! तुला जायचं नव्हतं तर नको जाऊस, पण कुमीला घेऊन जा म्हणून त्यांना सांगितलं असतंस तर त्यांनी ट्रॅक्टर पाठवला असता, मला खुर्चीसकट उचलून नेलं असतं.

तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, आळशी माणूस, कंटाळा आला की बहिणीचं नाव पुढं करायचा. मग मावसबहीण आली. ती म्हणाली, तू लग्न केलं नाहीस ते माझ्यामुळं, कुमुदचं कोण बघणार म्हणून. मला तर मुलगी बघून, पोहे खाऊन परत येऊन तू सांगितलं होतंस, "मुलगी फार बोलते बुवा." मग तुझे जुने साहेब आले. नांदेडची बढती तू नाकारलीस, म्हणे, घरी अपंग बहीण आहे म्हणून. घरी येऊन मला काय सांगितलं होतंस? वशिला नव्हता, दुसऱ्याला दिली. मी त्या साहेबांना इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. ते समोर बसले होते, पाणी पीत होते, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

बाहेर माझं नाव आणि घरात लोकांचं, असा तुझा हिशेब होता तर. जगाला वाटलं मी तुला बांधून ठेवलं आणि मला वाटलं जगानं तुला डावललं. मधे तू एकटा चांगला.

इथवरही मी तुला सोडून दिलं असतं. तुला गाव सोडायची भीती वाटायची, अनोळखी माणसांत तुझ्या हाताला घाम सुटायचा, हे मी लहानपणापासून पाहिलंय. मला जर नीट विचारलं असतंस की कुमे, तुझं नाव वापरू का, तर मी हसून हो म्हटलं असतं. पण दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कुलकर्णी बाई आल्या.

तुला आठवत असतीलच. पलीकडच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी घरी मुलींच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि त्या शाळेतल्या नापास होणाऱ्या मुली माझ्याकडं येऊन पास व्हायला लागल्या होत्या. एकदा रस्त्यात बाई मला म्हणाल्या होत्या, "कुमुद, तू आमच्या शाळेतच का येत नाहीस? बघते काहीतरी." मी घरी येऊन आईला सांगितलं, तुला सांगितलं, एका नव्या साडीला फॉल लावून घेतला. महिना गेला, दुसरा गेला. बाई दिसल्या तरी नजर चुकवायला लागल्या. मग मी ओळखलं की खुर्चीवरची बाई वर्गात नको असणार. तेव्हा जी अढी बसली ती बसलीच. मी त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला गेले नाही, त्यांचे यजमान वारले तेव्हा गेले नाही.

बाई आता काठी घेऊन चालतात. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्यासाठी खालच्या मजल्यावरचे वर्ग ठेवले होते गं. पायरी काढून उतारही करायचा ठरवला होता. सांगायला आले तर तू आईबरोबर डॉक्टरकडं गेलेली, भाऊ एकटेच फाटकात भेटले. ते म्हणाले, तिला झेपणार नाही बाई. विचारलंत तर हौसेनं हो म्हणेल आणि मग आजारी पडेल, तेव्हा तिला विचारूच नका. मला फार वाईट वाटलं. पण घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर आपण काय बोलणार?"

त्या दिवसांत मी रडायची आणि तू माझ्याजवळ बसायचास, ते मला आठवत होतं. पाठीवरून हात फिरवत तू म्हणाला होतास, "लोकांची मनंच लहान असतात कुमे. सोड." माझ्याबरोबर तूही त्या बाईंना नावं ठेवलीस दादा. कपाटातली साडी तू बघत होतास, फॉल लावलेली, घडी न मोडलेली, आणि तू म्हणालास लोकांची मनं लहान.

का केलंस? तुला खरंच वाटलं होतं का की मला झेपणार नाही? सकाळी पलंगावरून फळी सरकवून खुर्चीत मी माझी मी येते. स्वयंपाक माझा. तूच तर माझ्यासाठी ओटा तोडून बुटका करून घेतलास आणि स्वतः चहा करताना कमरेत वाकून कण्हत राहिलास. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी द्यायची, तुझ्या शर्टाची बटणं मी लावायची, लाइटचं बिल भरायची आठवण मी करायची. तुला मेथी निवडता येत नव्हती आणि पोळीचा डबा सापडत नव्हता. या घरात कोण कुणाचं बघत होतं, हे आपल्या दोघांना पक्कं माहीत होतं. फक्त एक तेवढा उतार मला चढता येत नव्हता. आणि चढता येईल असा तू होऊ दिला नाहीस.

की मी रोज सकाळी साडी नेसून शाळेत गेले असते तर तू घरी कुणासाठी थांबलास हे सांगायला कुणी उरलं नसतं? हे मला तुला तोंडावर विचारायचं होतं. तू पेपर खाली केला असतास, चष्मा काढला असतास. तू खोटं बोलताना डावा कान चोळायचास. मला तो कान बघायचा होता.

आता विजूचं ऐक. धाकटा आहे, मनानं चांगला आहे. मी म्हटलं, विजू, मी इथंच राहते, कामाला लताबाई सकाळी येतेच, नसीमआपा भिंतीपलीकडं आहेत. तर त्याचे डोळे भरले. म्हणाला, "ताई, दादाच मला दर वेळी फोनवर सांगायचा. तिला एकटीला एक दिवससुद्धा निभायचं नाही, म्हणून मी पुण्याला येत नाही, असं. मग मी कसा सोडून जाऊ तुला?" तू त्याच्याकडं गणपतीला जायचं टाळायला सांगितलेली थाप ती. त्या थापेपायी माझं घर हातचं चाललंय. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली, लिफ्ट बंद पडली की तिथंच, आणि शिकवणीला येणाऱ्या मुली इथं. मी कुणाला काहीही सांगितलं तरी लोक म्हणणार, भावाला जास्त माहीत असणार.

इथवर लिहिलं आणि कागद मिटवला. पुढचं आज लिहितेय. मधे तीन आठवडे गेले, आणि एक गोष्ट मी केली ती तुला सांगायला हवी, कारण ती तुझ्याच वळणाची आहे.

त्या शनिवारी सकाळी विजू माझे कपडे बॅगेत भरत होता. लताबाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. "ताई, तुमी गेल्यावर म्या कुठं जाऊ वो?" नसीमआपा खीर घेऊन आल्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"विजू, दादाचं एक राहिलंय रे."

तो थांबला. "काय?"

"गेला त्याच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाला होता. कुमे, तो उतार लांब करून घेऊ. आता माझ्याच्यानं खुर्ची ढकलवत नाही. उद्या मी नसलो तर तुला या घरात एकटीला वर-खाली करता आलं पाहिजे."

विजूच्या हातातली माझी साडी तशीच राहिली. "दादा असं म्हणाला?"

"म्हणाला. गवंडी बघतो म्हणाला. आणि गेलाच."

विजूनं नसीमआपांकडं पाहिलं. दादा, नसीमआपांनी भिंतीपलीकडून आपलं हे भांडण दर दिवाळीला ऐकलंय. तू काय म्हणायचास ते त्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. त्यांनी खिरीचं भांडं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हौ विजूभाई. मेरे सामने बोले थे. बहुत फिकर थी उनको."

विजू खाली बसून लहान मुलासारखा रडला. मग उठून त्यानं बॅग रिकामी केली. म्हणाला, दादाची शेवटची इच्छा आहे, ती आधी. वर्षभर राहा, मग बघू.

इतकं सोपं असतं होय रे? मी चार दिवस घसा कोरडा करून जे सांगत होते ते कुणी ऐकलं नाही. तेच तुझ्या तोंडी घातलं तर कुणी हूं की चूं केलं नाही. आता मला कळलं तुला त्याची सवय का लागली. पण म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तू माझ्या नावावर घरी बसलास, मी तुझ्या नावावर घरी राहिले, यात बरोबरी होत नाही. माझी शाळा गेली ती गेलीच. आणि सारं गाव आता म्हणतं, बघा, जाता जाता सुद्धा बहिणीचाच विचार. मलाही मान डोलवावी लागते. तुझा मोठेपणा मी माझ्या हातानं आणखी वाढवून ठेवला, याची चीड वेगळीच.

तुझी स्कूटर नसीमआपांच्या भिंतीला लावलीय. मिस्त्रीनं जुना उतार फोडला तेव्हा मी आत जाऊन बसले. नवा भिंतीच्या कडेनं गेलाय, मधे वळण आहे, एका बाजूला धरायला पाइप आहे. लताबाई रोज त्यावर पाणी मारायची आणि मला लांब ठेवायची. "आजून वलं हाय ताई, जरा दम धरा की. कुठं पळून चाललाय का त्यो?"

काल संध्याकाळी लताबाई घरी गेल्यावर मी एकटी खाली उतरले. फाटकापर्यंत गेले. कडी काढली, रस्त्यात आले, गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबले. त्या दिवशी तू दिसेनासा झालास तिथं. कुलकर्णी बाईंचं घर तिथून दिसतं. खिडकीत दिवा होता. उद्या त्यांच्याकडं जाणार आहे, ती साडी नेसून.

परत येताना चढ लागला. वळणावर दम लागला आणि सवयीनं मी मान मागं वळवली, तू उंबऱ्याचा तुकडा चाकामागं अडकवशील म्हणून. तुकडा वर व्हरांड्यात तुझ्या खुर्चीखाली पडला होता. पाइप धरून जरा थांबले, मग हात चाकांवर ठेवले आणि वर आले.

चढले रे दादा. एकटी चढले. बघायला तू हवा होतास, आणि तू असतास तर हा उतार झालाच नसता.